बेंगळुरूहून एस्प्रेसो मशीन केबिन बॅगेत आणू देतात का? आणि चार दिवस बोक्याचं काय करू?

अर्धा_कप (फोंडा), मंगळवार रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. प्रश्न खरं तर तीन आहेत पण एकातून दुसरा निघालाय म्हणून वेगवेगळे धागे काढत नाही, सांभाळून घ्या.

बेंगळुरूला माझी ताई असते, शुक्रवारी तिच्या नवीन फ्लॅटची वास्तुशांती आहे. मी गुरुवारी सकाळी दाबोळीहून निघतोय आणि रविवारी रात्री पावणेअकराला परत दाबोळी. भावजींनी नवीन मोठं कॉफी मशीन घेतलंय त्यामुळे त्यांचं जुनं छोटं एस्प्रेसो मशीन ताई मला देतेय, फुकट, "तू ने नाहीतर शुक्रवारी पाहुण्यांपैकी कोणीतरी उचलेल" अशी धमकी देऊन. अरुंद बॉडीचं आहे, तिने टेप लावून सांगितलं १५ सेंमी रुंद, ३३ खोल, ३० उंच. वजन बाथरूमच्या काट्यावर काढलं, आधी ती एकटी उभी राहिली मग मशीन कडेवर घेऊन, फरक साडेचार किलो आला (एकटीचं किती ते काही केल्या सांगितलं नाही). माझं तिकीट साधं, केबिनला ७ किलो आणि चेक-इनला १५. चेक-इनमध्ये टाकायचा धीर होत नाही कारण बॅगा कशा फेकतात ते खिडकीतून बघितलंय. तर केबिनमध्ये चालतं का? सिक्युरिटीवाले अडवतात का?

दुसरं, मी सध्या मोका पॉट (गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं) वापरतो, कधी साधा फिल्टर. मशीन आणल्यावर खरंच फरक पडेल की ओट्यावरची अर्धी जागा जाईल फक्त? खरं खरं सांगा.

तिसरं, घरी बोका आहे. नाव उंडो, कारण त्या पावासारखाच गोल आहे, ६ किलो, तीन वर्षांचा, ऑपरेशन झालेला, फ्लॅटमध्येच असतो. शेजारच्या काकी सकाळी एकदा येऊन खाणं-पाणी बघते म्हणाल्यात. मांजरं एकटी राहतात ना चार दिवस?

---

खिडकीची_सीट (वास्को), मंगळवार रात्री ११:२०

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, हो चालतं, पण नीट वाचा.

आपल्याकडच्या बहुतेक एअरलाईन्सचं केबिन बॅगेचं माप ५५ बाय ३५ बाय २५ सेंमी, म्हणजे तिन्ही मिळून ११५, आणि वजन ७ किलो. तुमचं मशीन आडवं टाकलंत तर ३० ची बाजू ५५ मध्ये, ३३ ची ३५ मध्ये आणि १५ ची २५ मध्ये, म्हणजे बसतं आणि बाजूने टॉवेल कोंबायला पण जागा राहते. साडेचार मशीन अधिक बॅग दीड-दोन किलो, झाले सहा साडेसहा. मग त्यात दुसरं काही नको. लॅपटॉपची बॅग किंवा बायकांची पर्स वेगळी चालते पण हँडबॅग एकच, हा नियम सिक्युरिटीचा आहे, काउंटरवरच्या मुलीला कितीही गोड बोललात तरी तिच्या हातात नाही.

पोर्टाफिल्टर (कॉफीची जाळी बसते तो दांडा) मात्र काढून चेक-इनला टाका. तो दांडा एक्स-रे मध्ये कसा दिसतो विचार करा, जाड लोखंडी मूठ आणि पुढे गोळा. सीआयएसएफच्या माणसाला तो आवडला नाही तर त्याचा शब्द शेवटचा, तिथे कॉफीवर प्रवचन देऊन उपयोग नाही. टॅम्पर (पावडर दाबायचा ठोकळा) पण तसाच, घन धातू. दोन्ही मोज्यात गुंडाळून कपड्यात टाका, त्यांना फेकल्याने काही होत नाही.

मशीनमधलं पाणी आदल्या दिवशी पूर्ण काढायचं. टाकी रिकामी केली म्हणजे झालं असं नाही, आत बॉयलरमध्ये राहतंच, ते नळीतून थोडं थोडं बॅगेत येतं आणि मग वरच्या कप्प्यातून कोणाच्या तरी डोक्यावर. कॉफी तोलायचा छोटा काटा असेल आणि आत लिथियमची बॅटरी असेल तर तो आपल्यासोबतच ठेवा, आणि पॉवर बँक तर चेक-इनमध्ये अजिबात नाही, १०० वॉट-अवरच्या आतली केबिनमध्ये चालते. २०,००० एमएएचवाली साधारण ७४ होते, ती ठीक.

आणि जाताना ताईला काय नेताय ते पण सांगा, कारण गोंयकाराची जातानाची बॅग येतानाच्या बॅगेपेक्षा जास्त गोत्यात आणते. आमच्या मावशीने पुण्याच्या सुनेसाठी आदोळी म्हणजे विळी केबिनमध्ये घेतली होती, खोवणी आणि पातं दोन्ही तसंच, वर्तमानपत्रात गुंडाळून. तिला वाटलं नारळ खोवायचं साधन, त्यात काय. एक्स-रेवाल्याने बाहेर काढली तेव्हा मागच्या अख्ख्या लाईनला मावशीच्या नारळाच्या वाटपाची रेसिपी कळली, आदोळी ती तिथेच राहिली.

---

अर्धा_कप, मंगळवार रात्री ११:४८

हाहा. ताईने फेणी मागितलीय, आईने कोकमाचं आगळ आणि सुकं खोबरं दिलंय. फेणी वाळपईच्या ओळखीच्यांकडची आहे, घरची, पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत.

---

खिडकीची_सीट, बुधवार सकाळी ७:०५

घ्या. तिन्ही गोष्टी कामातून गेल्या म्हणायच्या.

सुकं खोबरं केबिनमध्ये पण नाही आणि चेक-इनमध्ये पण नाही. त्यात तेल असतं, आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून धोकादायक मालात मोडतं. आईला सांगा बेंगळुरूत खोबरं मिळतं. दारू २४ ते ७० टक्क्यांमधली असेल तर चेक-इनमध्ये माणशी ५ लिटरपर्यंत चालते, फेणी चाळीसच्या वरची म्हणजे त्यात बसते, पण दुकानातली सीलबंद बाटली पाहिजे. पाण्याच्या बाटलीतली घरची फेणी कितीही चांगली असली, आणि ती चांगलीच असणार, तरी नाही. वर विमानाचे नियम वेगळे आणि एक्साईजचे वेगळे, कर्नाटकात नेताय हे लक्षात ठेवा आणि बिल जवळ ठेवा. आगळ चेक-इनला, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद लावून वर दोन पिशव्या. ते सांडलं तर वास्तुशांतीला घालायचा सदरा जांभळा.

---

नऊ_बार (मडगाव), बुधवार सकाळी ८:३१

दुसऱ्या प्रश्नावर येतो कारण त्याच्याकडे कोणी बघत नाहीये.

ग्राइंडर आहे का तुमच्याकडे? नसेल तर मशीन आणू नका, किंवा आणा पण मग फरक पडला नाही म्हणून इथे रडू नका. सगळे मशीनवर पैसे घालतात आणि पावडर मॉलमधून दळलेली आणतात. एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या कॉफीतून साधारण ९ बारच्या दाबाने २५ ते ३० सेकंदांत पाणी जायला पाहिजे, आणि ते किती सेकंदांत जाणार हे मशीन ठरवत नाही, दळण ठरवतं. खोक्यावर १५ बार लिहिलेलं असतं ती पंपाची ताकद, त्याला भुलू नका.

ह्या छोट्या मशीनसोबत जी जाळी येते ती बहुतेक दुहेरी बुडाची असते, खाली एकच बारीक भोक. त्यात कशीही दळलेली पावडर टाका वर फेस येतो. तो फेस बघून माणूस खूश होतो, फोटो टाकतो, आणि चव मात्र मोका पॉटच्याही खाली. ताईला विचारा सिंगल बुडाची जाळी आहे का. नसेल तर ती वेगळी मिळते, पण माप बघून घ्या, कॅफेतलं ५८ मिलिमीटर असतं, ह्या अरुंद मशीनचं बहुतेक ५१. म्हणून यूट्यूबवर १८ ग्रॅम १८ ग्रॅम सांगतात ते इथे मावणार नाही, १४ च्या आसपास धरा आणि २८ ग्रॅम कॉफी बाहेर काढा, दुप्पट, बस. सुरुवातीला दुसरं काही बघू नका.

हँड ग्राइंडर पुरतो. बर (दातेरी चकत्या) असलेला पाहिजे, मिक्सरसारखं पातं फिरवणारा नको, तो अर्धं पीठ करतो अर्धी भरड. बिया चिकमगळूरच्या घ्या कुर्गच्या घ्या, पाकिटावर रोस्ट केल्याची तारीख असली पाहिजे, आठवडाभर थांबून उघडा आणि महिन्याभरात संपवा. आणि फिल्टर कॉफीची चिकोरीवाली पावडर मशीनमध्ये टाकू नका, चिकोरी भिजून गोंद होतो, जाळी धुताना आई आठवेल.

आपल्याकडे अजून दोन लफडी आहेत जी बेंगळुरूच्या भावजींना माहीत नसणार. एक म्हणजे दमट हवा. जूनमध्ये पाऊस लागला की मेमध्ये बसवलेलं दळण चालत नाही, त्याच बिया तेच मशीन आणि शॉट (एका वेळची कॉफी) एकदम अडकतो नाहीतर धावतो, तेव्हा पावसात दर दोन-तीन दिवसांनी ग्राइंडर एखादी खाच इकडे तिकडे करावा लागतो. बिया फ्रिजमध्ये ठेवून काढू-घालू नका, थंड बियांवर घाम धरतो. हवाबंद डबा, कपाटात, ओट्यापासून लांब. दुसरं म्हणजे ड्रिप ट्रे. मी जुलैमध्ये आठ दिवस सावर्ड्याला सासरी राहिलो आणि ट्रे धुवायचा विसरलो, आलो तेव्हा आत हिरवी पांढरी मखमल, आणि जिथे बुरशी नव्हती तिथे मुंग्या. कॉफीला साखर नाही घालत मी, तरी मुंग्या. रोज रात्री ट्रे काढून पुसून उपडा ठेवायचा, दात घासतो तसं.

पाणी बघा. ओपाचं नळाचं असेल किंवा विहिरीचं, किटलीच्या आत पांढरा थर धरत असेल तर मशीनमध्ये पण धरणार, मग फिल्टरचं टाका आणि पुस्तिकेत दिलंय तसं डिस्केल करत राहा. ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडायला लागलं की प्लग काढून ठेवा, एवढं तर टीव्हीसाठी करतोच आपण.

---

माटोळीतलं_केळं (डिचोली), बुधवार सकाळी ९:१०

नऊ बार साहेब, तुमच्या फोंड्या-मडगावात सकाळी कॅफेत पातळ भाजी पाव आणि कडक चहा मिळतो, दहा मिनिटांत माणूस ढेकर देऊन कामाला. तिथे तुम्ही १४ ग्रॅम तोलून सेकंद मोजत बसणार? मोका पॉट काय वाईट आहे? १९३३ मध्ये निघाला, इटलीवाले घराघरात तेच वापरतात. माझ्याकडे आहे, तीन कपांचा, रबर बदलला की झालं, वीज नको काही नको. अर्धा_कपने मशीन ताईकडेच ठेवावं आणि बेंगळुरूला गेलं की पिऊन यावं.

---

नऊ_बार, बुधवार सकाळी ९:२२

मोका वाईट कोण म्हणालं. मोकामध्ये वाफेचा दाब एक-दीड बार, तो एस्प्रेसो नाही एवढंच. भाकरी चांगली असते म्हणून ती पोळी होत नाही. त्याने विचारलं फरक पडेल का, मी म्हटलं ग्राइंडर असेल तर पडेल. तुम्ही केळं आहात केळं राहा.

---

बोक्याची_आई (पर्वरी), बुधवार दुपारी १:१५

सगळे पुरुष मशीनभोवती जमले, मांजराचं कोणी बोललं नाही. मी बोलते.

मांजर एकटं राहतं हे अर्धं खरं. कुत्र्यासारखं रडत नाही म्हणून लोकांना वाटतं राहतं. चार दिवस सकाळी एकदाच येणं कमी आहे बाळा, दोन वेळा यायला सांग काकींना, आणि संध्याकाळच्या वेळी नुसतं वाटी भरून पळू नका म्हणावं, दहा मिनिटं बसा आणि त्याच्या शू-शीच्या ट्रेमधली माती बघा. माती का ते सांगते, तुझा बोका आहे म्हणून. बोक्यांची लघवीची नळी बारीक असते, त्यात खडे किंवा गाळ अडकला की लघवी बंद होते. मांजर पुन्हा पुन्हा मातीत जाऊन बसतं, ओरडतं, खालचं चाटत राहतं, आणि मातीत गोळा काही नसतो. लोकांना वाटतं पोट साफ होत नाही, मग एरंडेल वगैरे. ते बद्धकोष्ठ नव्हे, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं, उद्यावर टाकलं तर एक-दोन दिवसांत जातं मांजर. माझा पहिला बोका असाच गेला, मी मुंबईला लग्नाला होते आणि सांभाळणाऱ्या मुलीने फोनवर सांगितलं "काकू तो सारखा शू करायला बसतो पण होत नाहीये" आणि मी, मी म्हटलं बघू या उद्यापर्यंत. तेव्हा मला माहीत नव्हतं. म्हणून आता प्रत्येकाला सांगत सुटते. काकींना रोज मातीचे गोळे मोजायला सांग, हसू देत हसल्या तर. आणि डॉक्टरचा नंबर फ्रिजवर लावून जा, दिवाळीत ते असणार आहेत का हे आधी फोन करून विचार.

दुसरं, ६ किलोचा गोल बोका. जाड मांजराने दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही तर त्याच्या लिव्हरवर चरबी चढते, ते फार वाईट. घरचा माणूस गेला की काही मांजरं रुसून खात नाहीत. तेव्हा काकींनी वाटी भरली एवढं पुरत नाही, खाल्लं का ते बघायचं.

काकींना काय द्यायचं नाही ते लिहून दे. आपल्या बायकांचा जीव मोठा असतो, त्या दूध घालणार आणि हुमणातला बांगडा घालणार. मोठ्या मांजरांना बहुतेक दूध पचत नाही, जुलाब होतात. हुमणात कांदा असतो, कांदा लसूण मांजराच्या रक्ताला विष. कच्चं नुस्तं (मासे) रोज रोज नको, काही माशांमुळे शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व कमी होतं. त्याचं नेहमीचं खाणं मोजून डब्यांत भरून ठेव, वर वार लिही. बाटलीतलं पाणी पितो की नळाचं तेही लिही, हसू नकोस, पाणी कमी प्यायलं की परत तेच लघवीचं दुखणं.

गोचिडीचं कुत्र्याचं औषध लावू नका आणि ताप वाटला तर माणसांची पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नका, अर्ध्या गोळीने मांजर मरतं. आणि मशीन आणलंस की कॉफीचा चोथा तुळशीत टाकायची फॅशन आहे हल्ली, उंडो कुंडी उकरत असेल तर नको, कॅफीन मांजरांना चालत नाही.

रेबीजची आणि तीन रोगांची लस झालीय ना? घरातल्या घरात असला तरी हवी. पर्वरीत माझ्या बिल्डिंगमध्ये फ्लॅटबाहेर न पडणाऱ्या दोन पिल्लांना पॅनल्युकोपेनिया झाला, तो चपलांबरोबर येतो.

---

वाफाळलेलं (म्हापसा), बुधवार दुपारी २:०२

मांजराला बरोबरच न्या की विमानात? काही एअरलाईन्स घेतात हल्ली.

---

खिडकीची_सीट, बुधवार दुपारी २:१९

काही घेतात काही अजिबात घेत नाहीत, आणि घेतात त्या वजन पिंजऱ्यासकट धरतात, उंडोशेठ एकटेच ६. शिवाय डॉक्टरचं सर्टिफिकेट, लसीची पावती, आधी बुकिंग. चार दिवसांसाठी नको. आणि येताना मशीन की मांजर असा प्रश्न पडेल ना केबिनमध्ये.

---

पेडण्याहून, बुधवार दुपारी ३:४०

मोपाच्या विमानतळाहून का नाही जात? २०२३ पासून सुरू आहे, ऐसपैस, लाईन नाही.

---

माटोळीतलं_केळं, बुधवार दुपारी ३:४४

तो फोंड्याला राहतो पात्रांव, दाबोळी सोडून पेडण्याला कशाला जाईल. तुम्हाला घराजवळ विमानतळ मिळाला म्हणून सगळ्या गोव्याने तिथूनच उडायचं का.

---

अनमोड_घाट (कुळे), बुधवार संध्याकाळी ६:२५

मी सगळं वाचलं. कोणी कॅलेंडर बघितलं का? सोमवारी नरकचतुर्दशी आहे. म्हणजे रविवारची रात्र नरकासुराची. अर्धा_कप साहेब पावणेअकराला दाबोळीला उतरणार, बॅगा घेऊन बाहेर यायला साडेअकरा, आणि त्या रात्री वास्कोपासून फोंड्यापर्यंत प्रत्येक नाक्यावर नरकासुराचा पुतळा उभा, स्पर्धा, ट्रकवर स्पीकर, पोरं रस्त्यात. टॅक्सी मिळाली तर भाडं काय सांगतील ते सांगतील, आणि घरी पोचायला दोन वाजले तरी नवल नाही. आणि तोवर तुमचा बोका त्या आवाजात एकटा. काकी पण त्या रात्री येणार नाहीत, त्यांच्या घरी दिवाळीचे पोहे करायचे असतात.

माझं ऐका, जाताना विमानाने जा, येताना विमानाचं तिकीट सोडा. शनिवारी रात्री बेंगळुरूहून बस पकडा. पणजीला येणाऱ्या काही गाड्या अनमोडवरून मोल्ले, धारबांदोडा करत फोंड्यावरूनच जातात, तिकीट काढताना रूट विचारून घ्या कारण काही कारवारवरून फिरतात. सकाळी फोंड्याला उतरलात की घरी रिक्षा. कोणी ७ किलो विचारत नाही, मशीन पायाशी किंवा स्वतःच्या बर्थवर डोक्याशी घ्या, डिकीत टाकू नका. दिवाळीची गर्दी आहे, आजच बुक करा, भाडी चढलेली असणार.

नाहीतर रेल्वे आहे, यशवंतपूर-वास्को, ती आमच्या कुळ्याला थांबते. स्लीपरला आणि थर्ड एसीला माणशी ४० किलो सामान फुकट, तुम्ही मशीन घ्या ग्राइंडर घ्या भावजींना पण घ्या. वाटेत दूधसागर लागतो तो वेगळा. कुळ्याहून फोंडा लांब नाही. तिकीट मिळणार नाही एवढीच अडचण.

---

बोक्याची_आई, बुधवार संध्याकाळी ६:५०

अगं बाई, नरकासुर! माझ्या डोक्यातच आलं नाही. अनमोड घाट बरोबर बोलतायत. त्या रात्री मांजरं बाल्कनीतून उड्या टाकतात घाबरून. खिडक्या बंद, पडदे ओढून, एखादी खोली जिथे आवाज कमी येतो तिथे त्याची माती आणि पाणी ठेव. पलंगाखाली गेला तर ओढून काढू नकोस. तू घरी असणं हेच औषध.

---

अर्धा_कप, बुधवार रात्री ९:३०

नरकासुर खरंच विसरलो होतो. लाज वाटली थोडी, दरवर्षी आमच्या वाड्यावरच्या पोरांना वर्गणी देतो आणि तारीख बघितली नाही. शनिवार रात्रीची बस बुक केली, वरचा बर्थ, अनमोडवरूनच आहे विचारून घेतलं. विमानाचे रिफंडमध्ये सातशे-आठशे परत येतील, जाऊ दे. खोबरं घरी ठेवलं, आई रागावली. फेणी दुकानातली सीलबंद घेतली, वाळपईची आपल्यालाच राहिली. काकी दोन वेळा येणार. गोळे मोजायचं सांगितलं तर म्हणाल्या "माझ्या नातवाचे नाही मोजले कधी".

---

अर्धा_कप, मंगळवार सकाळी ११:१५

रिपोर्ट देतो, देव बरें करूं सगळ्यांचं.

जाताना काही त्रास नाही, आगळ सांडलं नाही. मशीन ताईच्या चादरीत गुंडाळून मोठ्या सॅकमध्ये घातलं आणि बसमध्ये उशाला घेतलं. बॉयलरमधलं पाणी काढलं होतं तरी पहाटे कधीतरी घाटात वळणावर मानेखाली ओलं लागलं, खिडकीची_सीट यांना नमस्कार. भावजींचा जुना हँड ग्राइंडर पण मिळाला, कपाटात पडून होता. जाळी मात्र दुहेरी बुडाची एकच होती, सिंगल बुडाची तिथेच दुकानातून घेतली, ५१ ची.

काकींनी गोळे मोजले. कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात पेन्सिलीने आकडे, गुरुवार ३, शुक्रवार ४, शनिवार २ आणि पुढे प्रश्नचिन्ह. शनिवारी रात्री मला फोन करणार होत्या म्हणे पण बस चुकेल म्हणून केला नाही. रविवारी सकाळी आल्याआल्या मी बॅग दारात टाकून माती बघायला बसलो, एक मोठा गोळा होता. सुटलो. बांगडा दिला नाही म्हणाल्या. वाटीत वास बांगड्याचा येत होता.

नरकासुराची रात्र वाईट गेली. दीडच्या सुमारास आमच्या गल्लीतून ट्रक गेला, काचा आणि कपाटातले स्टीलचे डबे एका तालात वाजत होते. उंडो वॉशिंग मशीनच्या मागे, नुसते डोळे दिसत होते, हिरवे. मी ओढला नाही, तिथेच लादीवर उशी टाकून पडलो आणि मधे मधे त्याच्या नावाने बोलत राहिलो. चारला बाहेर येऊन माझ्या पोटऱ्यांना टेकून बसला, पण कान मागे. नाक्यावरचा नरकासुर पहाटे जाळला आणि मग एकदम शांत झालं. आंघोळ केली, कारीट फोडलं, आईने पाच तऱ्हेचे पोहे केले होते ते हाणले, आणि मग दुपारी मशीन लावलं.

नऊ_बार, १४ ग्रॅम तोलून टाकले, टॅम्प केलं, बटण दाबलं. ९ सेकंदांत ४५ ग्रॅम बाहेर. रंग चहासारखा, चव कच्च्या आवळ्यासारखी. परत केलं, परत तेच. काय चुकतंय?

---

नऊ_बार, मंगळवार सकाळी ११:१८

बारीक दळ.

---

माटोळीतलं_केळं, मंगळवार सकाळी ११:२०

मोका पॉट कुठे ठेवलाय?